सीडॅक की खासगी क्लास? इंजिनिअरिंगनंतरच्या सहा महिन्यांसाठी

निकाल हातात आहे, कॅम्पसमधून काही लागलं नाही आणि घरात एकच चर्चा चालू आहे: सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा डॅक (पदवीनंतरचा डिप्लोमा) करायचा, की पुण्यात डेक्कन-कर्वेनगर भागातल्या एखाद्या क्लासला जावाची बॅच लावायची? लातूर, सांगली, अमरावतीकडची ओळखीपाळखीतली मुलं दर उन्हाळ्यात मला हे विचारतात. मी दोन्हीकडे शिकलोय. शेवटचा पेपर झाल्यापासून सीडॅकची बॅच सुरू होईपर्यंत मधे वेळ होता, तेव्हा क्लास लावला. सीकॅटचा, म्हणजे सीडॅकच्या प्रवेश परीक्षेचा, रँक बरा आला म्हणून पुढे तिकडे गेलो. तेव्हा हे सगळं अनुभवाच्या आधाराने आहे. तुम्हाला वेगळे शिक्षक भेटले तर तुमचं मत वेगळं होऊ शकतं.

सिलॅबस शेजारीशेजारी ठेवून तुलना करत बसू नका, त्यातून काही हाती लागत नाही. कोअर जावा (जावा भाषेचा पाया), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), स्प्रिंग (जावात मोठे प्रोग्रॅम उभे करायचं साधन), रिअ‍ॅक्ट (वेबपानं बनवायचं साधन) दोन्हीकडे आहे. सीडॅकमध्ये डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवायच्या रचना), ऑपरेटिंग सिस्टिम आणि मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट जास्तीचं. क्लासच्या पत्रकावर तर याहूनही जास्त विषय छापलेले असतात.

पैशाच्या बाबतीत क्लास सरळ जिंकतो. डॅकची फी ९०,००० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे लाखाच्या वर. शिवाय पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि मेस. क्लास बहुतेक वेळा याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत होतो, आणि हप्ते पाडून मिळतात. फक्त ते हप्ते क्लासला द्यायचे आहेत की एखाद्या फायनान्स कंपनीला, हे सही करण्याआधी वाचा. फायनान्स कंपनी असेल तर ते तुमच्या नावावरचं कर्ज आहे. क्लास मधेच सोडलात तरी हप्ता सुटत नाही.

आता माझ्यासाठी ज्या गोष्टीने निकाल लावला ती सांगतो: बॅच मर्ज होणं.

क्लासला आमची बॅच चांगली चालली होती. सर खरोखर हुशार होते, कंपनीत नोकरी करून संध्याकाळी शिकवायचे. जावातलं कलेक्शन्स संपत आलं, आता जेडीबीसी (जावा डेटाबेसला जोडणं) सुरू होणार, एवढ्यात निम्मी मुलं गळाली. कुणाला नोकरी लागली, कुणी गावी गेलं. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला की सोमवारपासून तुमची बॅच दुसऱ्या बॅचमध्ये मर्ज. ती बॅच नुकतीच सुरू झालेली. पुन्हा जावाचे सुरुवातीचे धडे: क्लास आणि ऑब्जेक्ट, पुन्हा इन्हेरिटन्स. काउन्सेलर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘रिव्हिजन होईल की चांगली.’ ती मर्ज झालेली बॅच पुढे सरकली, तर सरांच्या कंपनीत रिलीज (सॉफ्टवेअर बाहेर द्यायची घाई) आला आणि ते क्लासला सुट्टी टाकून गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी मुलांचा पाया पाहायचा म्हणून परत कोअर जावा काढलं. त्या क्लासमध्ये मी इन्हेरिटन्स इतक्यांदा ऐकलं की झोपेतही सांगितलं असतं, आणि स्प्रिंगचं तोंड मात्र मी तिथे असेपर्यंत पाहिलं नाही. यात फसवणूक कुणाची नव्हती. सगळी माणसं चांगली होती. पण बॅच अमुक तारखेला संपलीच पाहिजे, असं बंधन तिथे कुणावरच नव्हतं.

सीडॅकमध्ये हे बंधन बाहेरून येतं. डॅक सहा महिन्यांचा, ९०० तासांचा. प्रत्येक मॉड्यूलची लेखी परीक्षा केंद्रीय असते, म्हणजे तुम्ही पाषाणला शिका, हिंजवडीला, आकुर्डीला नाहीतर कराडला, पेपर सगळ्यांना सारखा. शिकवणारा आपल्या सोयीने पेपर काढू शकत नाही आणि तारीखही पुढे ढकलू शकत नाही. एखादे शिक्षक आजारी पडले तर सेंटरला दुसरे आणून विषय संपवावाच लागतो, कारण पेपर थांबणार नसतो. माझ्या मते डॅकचं खरं मोल इथे आहे. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असला की विषय पूर्ण होतो.

दुसरा फरक लॅबचा. क्लासमध्ये दोन तास लेक्चर, मग ‘घरी प्रॅक्टिस करा.’ डॅकमध्ये सकाळी लेक्चर, दुपारपासून लॅब, आणि असाइनमेंट झाल्याशिवाय उठावंसंही वाटत नाही, कारण उद्याची त्यावरच उभी असते. एकदा माझा स्प्रिंगचा प्रोग्रॅम सुरूच होईना. स्क्रीनभर लाल अक्षरं. लॅबच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, कीबोर्डला हात लावला नाही. म्हणाल्या, ‘खाली ये. शेवटचं ‘कॉज्ड बाय’ शोध आणि मोठ्याने वाच.’ वाचलं. चुकीचं मूळ कारण त्याच ओळीत असतं. प्रोग्रॅममधल्या एका क्लासवर सर्व्हिसचं अ‍ॅनोटेशन (स्प्रिंगसाठीची खूण) लिहायचं राहिलं होतं, म्हणून स्प्रिंगला तो भाग, म्हणजे बीन, सापडत नव्हता. मॅडम तोपर्यंत पुढच्या मुलाकडे गेलेल्या. आजही कंपनीत चालू सिस्टिमचा लॉग (नोंदींची फाइल) उघडला की मी आधी शेवटचं ‘कॉज्ड बाय’ गाठतो. ही सवय व्हिडिओ पाहून लागली असती का, सांगता येणार नाही. मला तरी लागली नव्हती.

डॅकमध्ये सगळं गोड आहे असं नाही. वेग जीवघेणा आहे. डेटा स्ट्रक्चर्सचं मॉड्यूल डोक्यात मुरायच्या आत पुढचं सुरू होतं, आणि ज्यांनी सी ही भाषा कधी नीट लिहिलेली नाही त्यांचा पहिला महिना फार जड जातो. मेकॅनिकल-सिव्हिलची मुलं हे करतात, चांगलं करतात, पण तयारी करून आलेली करतात. शिवाय सेंटर तुमच्या रँकवर ठरतं आणि सेंटर-सेंटरमध्ये फरक असतो. रँक फार मागे असेल आणि यादीत खालचं सेंटर मिळत असेल, तर पुढच्या प्रवेशापर्यंत थांबणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. वर्षातून दोनदा प्रवेश होतात.

प्लेसमेंटची हमी कुणीच देऊ शकत नाही. क्लासच्या बोर्डावर १०० टक्के लिहिलेलं असतं, आणि करारात पाहिलं तर शब्द असतो ‘असिस्टन्स’. सीडॅकमध्येही सगळी मुलं लागत नाहीत. तिथलं वेगळेपण एवढंच की मुलाखतीला कंपन्या येतात आणि समोरच्या टेबलावर कधीकधी जुना डॅकवालाच बसलेला असतो. सीडॅक १९८८ची, तिची ॲक्ट्स ही प्रशिक्षण शाखा १९९३ची. इतक्या वर्षांत तिथून निघालेली मुलं पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत पसरली आहेत, आणि या अभ्यासक्रमात काय रगडून घेतात ते त्यांना सांगावं लागत नाही.

तरीही क्लास कुणी घ्यावा? ज्याची नोकरी चालू आहे, चाकणच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करता करता ज्याला सॉफ्टवेअरकडे वळायचंय, त्याला सहा महिने सगळं सोडून बसणं परवडत नाही. त्याने वीकेंड बॅच जरूर लावावी. ज्याला नुसतं स्प्रिंग बूट किंवा टेस्टिंग एवढंच हवंय, त्यानेही. आणि ज्याच्याकडे दोन्हींपैकी कशासाठीच पैसे नाहीत त्याने एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) कोर्स घ्यावा. शिकणं फुकट, परीक्षेचे हजार रुपये, आणि परीक्षा देखरेखीखाली सेंटरवर होते. मात्र शेजारी कुणी उभं नसतं, ते बळ स्वतःचं लागतं.

क्लासच लावणार असाल तर डेमो लेक्चरला भुलू नका, डेमो नेहमी सर्वांत चांगल्या सरांचं असतं. सध्या चालू असलेल्या बॅचमधल्या एखाद्या मुलाला खाली चहाच्या टपरीवर गाठा आणि दोनच गोष्टी विचारा: बॅच मर्ज झाली का, आणि सर बदलले का. सीडॅककडे कल असेल तर आजपासून सी आणि डेटा स्ट्रक्चर्स काढा, कारण सीकॅटचा ब सेक्शन तिथेच अडतो. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, चुकलं की १ जातो, म्हणून अंदाजाने ठोकू नका. आणि सेंटरचा पसंतीक्रम भरण्याआधी त्या त्या सेंटरला एकदा स्वतः जाऊन संध्याकाळी सातला लॅबमध्ये किती मुलं बसलेली दिसतात ते बघा.