सॅडल बॅग: वाढणारी घ्यावी की आवळता येणारी? पावसाळा आणि हिवाळा काढल्यावरचा अनुभव

गेल्या जूनपासून माझ्या सायकलवर आलटून पालटून तीन सॅडल बॅगा, म्हणजे सीटखाली बांधायच्या पिशव्या, लागल्या आहेत. पहिली साधी, ठरावीक मापाची, साडेचारशे रुपयांची. दुसरी सतराशेची, तिची चेन (झिप) फिरवली की पोट खालून मोठं होतं. तिसरी पाच हजार दोनशेची, लांबट. तिचं तोंड गुंडाळत आणायचं आणि बाजूचे पट्टे ओढून हवी तेवढी लहान करायची. ‘अ‍ॅडजस्टेबल’ म्हणून जास्तीचे पैसे मी दोनदा मोजले. दुसऱ्या बॅगेवरचे वसूल झाले नाहीत. तिसरीवरचे झाले, पण फक्त लांबच्या राइडपुरते. ज्यांना आज-उद्या बॅग घ्यायची आहे त्यांनी एवढं वाचून थांबलं तरी चालेल. पुढे लिहिते आहे ते का, कसं आणि कुणासाठी, ते.

माझी सायकल रोड बाइक आहे. कॅरिअरसाठी आटे नाहीत, मडगार्डची सोय नाही. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे फ्रेम लहान आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फारशी वर येत नाही. सीटच्या सळयांपासून मागच्या टायरपर्यंत जेमतेम एक वीत अंतर उरतं. हे आधीच सांगते, कारण सॅडल बॅगेबद्दल बोलणारे बहुतेक जण उंच असतात आणि त्यांच्या सीटखाली भरपूर जागा असते. तीच बॅग माझ्या सायकलवर वेगळी वागते.

आठवड्यात मधल्या दिवशी खडकवासला किंवा सिंहगडाचा पायथा, रविवारी जुना कात्रज बोगदा ओलांडून पुढे, पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणी, आणि थंडीत ब्रेवे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. असा माझा वापर.

आता ‘अ‍ॅडजस्टेबल’ म्हणजे काय ते आधी पाहू. दुकानात हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, बॅग बांधायचे पट्टे कमी-जास्त करता येतात. हे साडेचारशेच्या बॅगेतही असतं, त्यासाठी जास्तीचा रुपया देऊ नका. दोन, बॅग वाढते. तीन, बॅग आवळता येते, म्हणजे आत सामान कितीही असलं तरी तिला घट्ट करता येतं. दुसरी आणि तिसरी गोष्ट एकच असं आपण धरून चालतो आणि तिथेच पैसे चुकीच्या जागी जातात.

रोजच्या राइडला सीटखाली काय लागतं? दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, अ‍ॅलन कीचा जुडगा, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्यूशन, टायर फुगवायची सोळा ग्रॅमची गॅसची नळकांडी, शंभराची नोट. हे सगळं साधारण लिटरभर जागेत बसतं आणि वर्षानुवर्षं बदलत नाही. जे बदलतच नाही त्यासाठी वाढणारी बॅग कशाला? उलट या सामानाला नेमक्या मापाची, गच्च बसणारी पिशवीच बरी. साधी बॅग इथे पूर्ण गुण घेते. खड्ड्यातून गेलं तरी आतून आवाज नाही, मांड्यांना लागत नाही, आणि आहे हे विसरायला होतं.

जागा कमी पडते ती कपड्यांमुळे. डिसेंबरात पहाटे पाचला पुण्यातून निघताना विंडचीटर, वेगळ्या चढवायच्या-उतरवायच्या बाह्या, जाड हातमोजे, कानटोपी सगळं अंगावर असतं. शिरवळ मागे टाकून खंबाटकी घाट चढायला लागलो की यातलं एकेक नकोसं होतं आणि सुरूर फाट्यावरून वाईकडे वळेपर्यंत सगळं उतरलेलं असतं. जर्सीच्या खिशांत आधीच फोन, चिक्की आणि केळी असतात. पुढे पसरणी घाट चढायचा आहे, तिथे पाठीवर सॅक नको. म्हणजे एकाच सकाळी मला आधी लिटरभर जागा लागते आणि चार तासांनी तिच्या तिप्पट-चौपट. वर पाचगणीच्या वाऱ्यात विंडचीटर पुन्हा बाहेर निघतो, की जागा परत रिकामी.

सतराशेची बॅग नेमकी इथे तोकडी पडली. चेन पूर्ण उघडल्यावर तिच्यात जी वाढ होते ती मूठभर असते. हातमोजे जातात, बाह्या कशाबशा जातात, विंडचीटर जात नाही. या आकाराच्या इतर कंपन्यांच्या बॅगाही मी मैत्रिणींच्या सायकलवर पाहिल्या, त्यांचीही वाढ फार तर पाव-अर्धा लिटरच. तेवढ्या वाढीत मावेल असं जे काही असतं ते जर्सीच्या खिशातही मावतं.

आणि ती वाढते खाली, टायरच्या दिशेने. उंच माणसाला याचा त्रास होणार नाही. माझ्याकडे मात्र चेन उघडून भरलेली बॅग गतिरोधकावर टायरला टेकायची. आधी बारीक खर्र आवाज आला, मग महिन्याभरात तळाचं कापड झिजून अस्तर दिसायला लागलं. रिक्षाचे हूड शिवणाऱ्या काकांनी तिथे दुहेरी रेक्झिनचं ठिगळ मारून दिलं आणि ते मूळ कापडापेक्षा टिकाऊ निघालं. ज्यांची फ्रेम लहान आहे, विशेषतः बायका आणि शाळा-कॉलेजची मुलं, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: खाली वाढणारी बॅग घेऊ नका. पाठीमागे, लांबीत वाढणारीच घ्या. उतारावर वेगात असताना टायरमध्ये पट्टा किंवा कापड अडकणं ही साधी गोष्ट नाही.

पावसाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे सॅडल बॅगेवर वरून पडणाऱ्या पावसाचा त्रास कमी असतो, कारण वर सीट असते आणि सीटवर आपण असतो. त्रास असतो चाकाने उडवलेल्या पाण्याचा. मडगार्ड नसलेलं मागचं चाक लाल चिखलाची धार थेट बॅगेच्या पोटावर मारत राहतं. सीटच्या सळयांना अडकवायचं छोटं प्लास्टिकचं मडगार्ड लावावं म्हटलं तर त्याची आणि बॅगेची जागा एकच. मुळशीच्या रस्त्यावर दोन-तीन तास ही धार खाल्ल्यावर चेनवाल्या बॅगेत पाणी शिरतंच. चेनमधून शिरतं, आणि शिवणीच्या सुईच्या भोकांतूनही शिरतं. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी कापड तेवढं तसं असतं, शिवण नसते. माझ्या अ‍ॅलन कीवर तांबेरा चढला. त्याहून वाईट म्हणजे चेनच्या दातांत चिखल वाळून बसला आणि रनर अडकला. पाऊस चालू, टायर बसलेला आणि बॅगच उघडत नाही, अशी वेळ कुणावर येऊ नये. वाढणाऱ्या बॅगेला चेनी दोन, म्हणजे ही कटकटही दुप्पट. घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने दात साफ करून वर मेणबत्ती घासली की रनर पुन्हा सुरळीत चालतो. पावसाळाभर हे दर राइडनंतर करावं लागतं.

तोंड गुंडाळायच्या बॅगेला चेनच नाही. कापडाला प्लास्टिकचा थर आहे आणि सांधे शिवलेले नसून गरम करून चिकटवलेले आहेत. तोंडाला किमान तीन वळ्या पडल्या तर आत थेंब जात नाही. ताम्हिणीत उतरताना मुसळधार पावसातही माझे कोरडे मोजे कोरडेच राहिले आणि उतरल्यावर ते घालताना पाच हजार दोनशे रुपयांबद्दलची उरलीसुरली कुरकुर संपली. मात्र पाणी आत येत नाही तसं बाहेरही जात नाही. ओला विंडचीटर कोंबून घरी आलात आणि बॅग तशीच लटकत ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी उघडताना नाक धरावं लागेल. आल्या आल्या पूर्ण उघडून, उलटी करून वाळवायची.

या बॅगेचं खरं मोल मला दिसलं ते मात्र कोरड्या हवेत, घाट चढताना. सीटवरून उठून पेडल मारायला लागलं की सायकल खाली डावी-उजवीकडे झुलते. मागे लटकलेलं वजन त्या झुलण्याला उशिराने साथ देतं, आणि दर पावलाला मागून कुणीतरी ओढतंय असं वाटतं. वजन सीटपोस्टपासून जितकं दूर तितका हा झोका मोठा. अर्ध्या भरलेल्या बॅगेत तर तो सगळ्यात वाईट, अर्धी भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालल्यासारखा. चेनने वाढवलेली बॅग नेमकी अशीच असते: वाढवली की सैल, आणि सैल झालेली आवळायला पट्टाच नाही. तिसऱ्या बॅगेत विंडचीटर काढला की तोंड आणखी दोन वळ्या गुंडाळायचं, गुडघ्याने दाबून हवा काढायची, मग पट्टे ओढायचे. बॅग पुन्हा दगडासारखी. हवा काढायची झडप काही महाग बॅगांना असते, माझ्या बॅगेला नाही, त्यामुळे हे दाबणं मनापासून करावं लागतं. आत हवा राहिली तर ती वाटेत हळूहळू निघून जाते आणि पट्टे ढिले पडतात.

भरण्याची पद्धतही महत्त्वाची. ट्यूब, हत्यारं, पॉवर बँक असं जड सामान सगळ्यात आत, सीटपोस्टला टेकून. मग कपडे. तोंडाशी वाटेत लागणाऱ्या हलक्या वस्तू. शिवाय सायकलला बांधताना आधी सळयांचे पट्टे ओढायचे, मग सीटपोस्टचा, आणि पाच-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा ओढायचे. नायलॉनचा पट्टा ओला झाला की सैलावतो, म्हणून पावसात हे दोनदा करावं.

जास्तीच्या पैशांत काही दुखणीही येतात. मोठी बॅग रिकामी असतानाच चारशे ग्रॅमच्या आसपास आहे. सीटपोस्टभोवतीच्या वेल्क्रोची खरखरीत बाजू जराशी उघडी राहिली तरी शॉर्टच्या आतल्या बाजूचे धागे ओढते, महागड्या शॉर्टला गोळे येतात. कार्बनची सीटपोस्ट असेल तर पट्ट्याखाली चिकटणारी पारदर्शक पट्टी आधी लावा, नाहीतर पट्ट्यात अडकलेली धूळ रंग खरवडते.

सगळ्यात काळजीची गोष्ट मागच्या दिव्याची. बॅगेवर दिवा अडकवायला फीत असते. बॅग भरलेली असताना दिवा सरळ मागे बघतो. बॅग रिकामी झाली की ती फीत लोंबते आणि दिवा जमिनीकडे बघायला लागतो. आपल्याला पुढे बसून हे कळत नाही. दिवा सीटपोस्टवर लावावा तर मोठी बॅग तो झाकते. मी आता मुख्य दिवा मागच्या चाकाच्या वरच्या दांडीवर, सीट-स्टेवर बांधते, आणि बॅगेवरचा दिवा जास्तीचा म्हणून ठेवते. हायवेवर मागून ट्रक येत असताना यात हयगय नको.

आता कुणी काय घ्यावं. ब्रेवेच्या वेळा बघा: दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. दोनशेची राइड आपल्या वेगाने बहुतेक दिवसाउजेडी संपते. तीनशेपासून रात्र सोबत येते आणि रात्रीबरोबर कपड्यांचा जास्तीचा थर, पॉवर बँक, दिव्यांचे सेल, चारशे-सहाशेला मोज्यांचा दुसरा जोड. तुम्ही तीनशे किंवा पुढचं काही करणार असाल, किंवा दोन-तीन मुक्कामांची कोकणाची राइड मनात असेल, तर आवळता येणारी बॅग घ्या आणि चांगली घ्या. तिच्यात काटकसर केलीत तर सांधे सुटतात आणि बक्कल तुटतात.

दोनशेपर्यंतच्या राइडसाठी मी वेगळा उपाय सांगेन, आणि तो जवळपास फुकट आहे. पंक्चरवाल्या मामांकडून जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून घ्या. साडेचारशेची साधी बॅग, तिच्यावर घट्ट घडी केलेला विंडचीटर, आणि त्यावर या पट्टीचे दोन वेढे. रबर ओढून धरतं, खड्ड्यात ढिलं पडत नाही. पावसाचा अंदाज असेल तर विंडचीटर आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पट्टीचं टोक लोंबकळत ठेवू नका, आत खोचा. माझी डिसेंबरातली दोनशेची ब्रेवे अशीच झाली.

कॅरिअर लावता येत असेल, तुमची सायकल हायब्रिड किंवा टूरिंगची असेल, तर हा सगळा खटाटोपच नको. कॅरिअर आणि दोन बाजूंच्या पिशव्या यांना तोड नाही, सामान खाली राहतं आणि झोका नसतो.

चेनने वाढणारी बॅग मी बहिणीच्या मुलाला दिली. तो उंच आहे, कॉलेजला सायकलने जातो, आणि तिच्यात कुलपाची साखळी ठेवतो. त्याला ती चांगली चालते आहे.

बॅग घ्यायला जाताना सायकल आणि स्वतःचं सामान बरोबर न्या: ट्यूबा, हत्यारं, तुमचाच विंडचीटर. बॅग भरून सायकलवर बांधायला सांगा. मग स्वतः सीटवर बसून कुणाला तरी मागून बघायला लावा, कारण सायकल उभी असताना दिसणारं अंतर तुम्ही बसल्यावर सीट दबून थोडं कमी होतं. टायर आणि बॅग यांच्यात चार बोटं जागा उरली पाहिजे. त्यानंतर विंडचीटर बाहेर काढा, बॅग आवळा, आणि सीट धरून सायकल जोरात डावी-उजवीकडे हलवा. बॅग मागे राहून डुलली तर ती परत करा, किंमत कितीही असो.