घडीच्या पत्रकाचं प्रूफ: पीडीएफ, डमी की मशीन प्रूफ?

पत्रक छापायला दिलं की प्रेसवाला विचारतो, "प्रूफ व्हॉट्सॲपवर टाकू ना?" व्हिजिटिंग कार्ड असेल तर खुशाल हो म्हणा. पण घडीचं काम असेल तर थांबा, स्क्रीनवर कागद दुमडत नाही.

पीडीएफ प्रूफ फुकट असतं आणि लगेच मिळतं. मजकूर, फोन नंबर, भाव तपासायला ते पुरेसं. मात्र ते प्रेसच्या अंतिम फाइलचं मागा. अनेक ठिकाणी आपली पीडीएफ कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नव्याने मांडतात, आणि फॉन्ट कर्व्ह केलेला (म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर केलेलं) नसेल तर तिथेच जोडाक्षरं फुटतात. आपलीच फाइल आपल्यालाच परत आली तर तपासलं काय? शिवाय फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून नको.

घडीची चूक मात्र पीडीएफमध्ये सापडत नाही. ए-फोरची लांबी 297 मिमी. तिचे 99चे तीन समान भाग केले तर आत दुमडणारं पान अडतं आणि फुगतं. म्हणून ते 97चं आणि बाकीची दोन 100ची ठेवतात. आतल्या बाजूने डावीकडून 100, 100, 97. बाहेरच्या बाजूने उलट, 97, 100, 100. मी एकदा दोन्ही बाजूंना एकच गाइड, म्हणजे घडी दाखवणाऱ्या मापाच्या रेषा, लावले. पीडीएफ देखणी होती, मीच ओके दिला. दोन हजार प्रती घडी होऊन आल्या तेव्हा पांढऱ्या मुखपृष्ठाच्या डाव्या कडेला मलपृष्ठाच्या निळ्या रंगाची 3 मिमीची पट्टी डोकावत होती. प्रेसकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

हीच चूक डिजिटल डमीने पाच मिनिटांत दाखवली असती. दोन्ही बाजू छापून, कापून, घडी घातलेली एक प्रत: खर्च एका डिजिटल प्रिंटचा. मागची बाजू उलटी लागली, पानांचा क्रम चुकला, घडीच्या रेषेवर चेहरा किंवा आकडा आला, सगळं हातात दिसतं. कापलेली नसेल तर घेऊ नका. पांढऱ्या कडांसकट दुमडलेला कागद काही सिद्ध करत नाही.

दोन गोष्टींत डमी फसवते. पहिली, रंग. दुसरी, घडीवरची चीर: टोनर (डिजिटल मशीनची रंगाची पूड) कागदावर थरासारखा बसतो आणि दुमडल्यावर तडकतो, ऑफसेटची (प्लेटवरून होणाऱ्या छपाईची) शाई तशी वागेलच असं नाही. कागदाच्या तंतूंची दिशाही दोन्हीकडे वेगळी असू शकते. जाड आर्ट पेपर असेल तर छापायच्या त्याच कागदाची कोरी डमीही मागा, आणि क्रीज मारून, म्हणजे घडीच्या रेषेवर आधी दाबाची खाच पाडून, दुमडायला सांगा.

मशीन प्रूफ म्हणजे प्लेट बनवून खऱ्या कागदावर, खऱ्या शाईने काढलेली प्रत. रंगासाठी याला तोड नाही, पण महागही तेवढंच, आणि चूक निघाली तर प्लेट पुन्हा. साडी, मिठाई, पेंटच्या शेडकार्डासारखं काम असेल तर खर्च करा. एरवी छपाईच्या वेळी मशीनपाशी उभं राहणं परवडतं. मागची बाजू सुरू होताच एक शीट उचला, कटरने कापा, हाताने दुमडा. हाताला शाई लागेल, लागू द्या.

प्रती दोन-तीनशेच असतील तर हा घोळच नाही. काम डिजिटलवरच होतं, आणि त्याच मशीनवरची, त्याच कागदाची पहिली प्रत हेच प्रूफ. हजाराच्या वर गेलात तर पीडीएफ आणि घडीची डमी, दोन्ही. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी डमीवर घालेन.

डमी दोन काढा. दोन्हींवर सही, तारीख आणि मुखपृष्ठावर ठळक "वर". एक आपल्याकडे, दुसरी शीटच्या गठ्ठ्याबरोबर. घडी घालणारा बाइंडर बऱ्याचदा वेगळा असतो, आणि तुमची पीडीएफ त्याने कधीच पाहिलेली नसते.