सेकंडहँड झेनॉनची वाढवलेली उंची उतरवून घेतली : चाकणच्या मिस्त्रींचं काम

टाटा झेनॉन एक्सटी पिकअप, फोर बाय फोर, २०१२ चं मॉडेल. रोपवाटिकेच्या कामासाठी सेकंडहँड घेतली तेव्हाच ती उंच केलेली होती. आधीच्या मालकाला डोंगरातल्या कच्च्या वाटांचा नाद, त्याला ती तशीच हवी असणार. मला नारायणगावहून ओतूर, आळेफाटा, कधी माळशेज उतरून मुरबाडपर्यंत टोमॅटो-मिरचीच्या रोपांचे ट्रे पोचवायचे असतात. फाळका उघडला की हौद्याचा तळ माझ्या छातीशी यायचा. ट्रे चढवणाऱ्या बायका स्टुलावर उभ्या राहायच्या, हे मला अजिबात बरं वाटत नव्हतं. त्यातून बारीकशा खड्ड्यातसुद्धा पुढून असा दणका बसायचा की ट्रेच्या कपातलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मोकळं होऊन रोपं कलंडायची. रोपाची मुळी हलली की शेतकरी ते घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

जवळच्या एका गॅरेजने सल्ला दिला की पुढची बाजू उंच दिसते, तर मागे स्प्रिंगखाली अजून एक ठोकळा टाकू, लेव्हल होईल. तिथून मी गाडी तशीच परत आणली. मग एका ट्रकवाल्याने चाकण-तळेगाव रस्त्यावरचे पाटे-कमानीचं, म्हणजे गाडीखालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, काम करणारे मिस्त्री सुचवले. त्यांचं नाव देत नाही, कारण हातात आहे तेच काम उरकत नाही म्हणून त्यांनीच नको म्हटलंय. पण त्या भागातल्या कोणत्याही ट्रकवाल्याला विचारलं तर तो सांगेल.

मिस्त्री गाडीखाली गेले, बॅटरी मारून पाहिलं आणि तिथूनच म्हणाले, "ताई, ही उंच केलेली नाही, ताणलेली आहे." मग मलाही खाली वाकून बघायला लावलं. झेनॉनला पुढे कॉइल स्प्रिंग नसतात, टॉर्शन बार असतात. चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, कडेने जाणारी आणि पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब, एक टोक चाक धरणाऱ्या आर्मला, दुसरं मागे अँकरमध्ये, आणि त्या अँकरला एक बोल्ट. हा बोल्ट आवळला की पुढची बाजू वर येते. एक रुपयाचा पार्ट न घालता गाडी उंच होते, म्हणून लोक तो आवळत सुटतात. आवळल्याने बार कडक होत नाही. गाडी फक्त वरच्या जागी उभी राहते आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. माझ्या गाडीत वरचा आर्म रबरी स्टॉपला जवळपास टेकलेला होता. म्हणजे चाक खड्ड्यात उतरलं की लोखंड लोखंडाला ओढायचं, तोच तो दणका. पुढची चाकं फिरवणारे ड्राइव्हशाफ्ट तिरके होऊन एका बाजूचं बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी आवरण, फाटलेलं, ग्रीस आतल्या बाजूला उडालेलं. पुढच्या टायरची एकच कड खाल्लेली.

मागचं पाहून मात्र ते खरोखर चिडले. अॅक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा कणा, आणि पाटे यांच्यामध्ये एकावर एक दोन ठोकळे रचलेले होते. जोरात ब्रेक मारल्यावर किंवा चढावर अॅक्सल पिळवटतो तेव्हा असा रचलेला ठोकळा सरकू शकतो, आणि सरकला तर अख्खा अॅक्सल जागा सोडतो. शिवाय मागच्या ब्रेकला वजनाप्रमाणे जोर देणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा अॅक्सलला जोडलेला असतो. मागची बाजू वर उचलली की गाडी रिकामी आहे असं त्या व्हॉल्व्हला वाटतं आणि मागचे ब्रेक कमी लागतात. भरलेली गाडी माळशेज उतरताना याचा अर्थ काय, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

उंची मोजायची त्यांची पद्धत सांगते, कारण माझ्या मते सगळं काम तिथेच आहे. जमिनीपासून मडगार्डपर्यंत ते मोजत नाहीत, कारण टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. गवंड्याचा ओळंबा मडगार्डच्या कडेवरून सोडला आणि चाकाच्या हबच्या मध्यापासून कडेपर्यंत पट्टी लावली. डावीकडे ५५६ मिलिमीटर, उजवीकडे ५३८. दोन बोल्ट दोन अंदाजांनी आवळलेले! मग त्यांनी विचारलं, "रोज गाडीत काय असतं?" कोकोपीटच्या गोण्या हौद्यात टाकायला लावल्या आणि मला ड्रायव्हर सीटवर बसवलं. बोल्टवर पांढऱ्या रंगाची खूण करून, चाक उचलून, म्हणजे बारवरचा ताण काढूनच, बोल्ट सैल केला. जॅक सोडल्यावर लगेच मोजलं नाही. गाडी पुढे-मागे ढकलून बसू दिली, मगच ओळंबा. पुन्हा उचलायची, पुन्हा बसवायची. शेवटी दोन्हीकडे ५१५ च्या आसपास आली, दोन मिलिमीटरचा फरक राहिला आणि तो त्यांना चालला. आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मागचे ठोकळे काढून पाटे सरळ अॅक्सलवर बसवले, ते बांधून धरणारे यू-बोल्ट नवे घातले. जुने परत वापरायला त्यांनी साफ नकार दिला, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. आधीच्या मालकाने लांब शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) टाकले होते. गाडी खाली आल्यावर चाक वर येऊन रबरी बंप स्टॉपला टेकायच्या आधीच ते पूर्ण दबून बसले असते, म्हणून तेही कंपनीच्या मापाचे घेतले. हे मी एकटी असते तर सुचलंच नसतं.

कायद्याची धास्तीही गेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर नेणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. वाढवलेली गाडी विकत घेणाऱ्याने हे आधी बघावं.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. बसायला धड जागा नाही, बाईमाणसाने दिवसभर थांबायचं तर शेजारच्या हॉटेलातच जावं लागतं. अलाइनमेंटचं मशीन नाही, ते मी बाहेरून करून घेतलं आणि ते करावंच लागतं, उंची बदलली की चाकांचे कोन बदलतातच. हेडलाइट खाली-वर करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, घरी रात्री भिंतीवर उजेड पाडून आम्हीच लावले. पैसे मात्र वाजवी : शॉकअप, यू-बोल्ट, बुश आणि बूट धरून साडेएकोणीस हजार, त्यात मजुरी साडेसात.

आता फाळका कमरेशी येतो, स्टूल गोठ्यात गेलं. बांधावरून उतरताना पोट घासत नाही. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला बोलावलं होतं, तेव्हा गेले. टॉर्क पान्याने प्रत्येक नट तपासला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. जायचं असेल तर सकाळी आठच्या आत पोचा, आणि रोजचं वजन गाडीत घेऊनच जा.