चाड्यावरची मूठ आणि चालती मोट : जुन्या अवजारांचा एक मेळा

वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात साजरा होणारा सण, झाल्यावर लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या एका गावाने जुन्या शेती-अवजारांचा दोन दिवसांचा मेळा भरवला. प्रवेशाला शुल्क नव्हते. भिंतीला टेकवून ठेवलेली अवजारे इतरत्रही पाहायला मिळतात; येथे मात्र बहुतेक अवजारे रानात चालवून दाखवली जातात आणि ती चालवणारी माणसे आयुष्यभर तीच कामे केलेली आहेत. एवढ्या एका कारणासाठीही हा मेळा पाहावा, असे माझे मत आहे.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो तिफणीला, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराला. बाभळीच्या दिंडात (आडव्या ओंडक्यात) बसवलेले तीन फण (दाते), त्यांपासून वर चाड्यापर्यंत, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीपर्यंत, गेलेल्या पोकळ नळ्या आणि चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी बाई, एवढाच हा पसारा. पण ज्वारीचे दाणे तिन्ही नळ्यांत सारखे पडायचे तर सारी भिस्त त्या मुठीवर असते. मूठ सैल झाली की पेरा दाट पडतो, आवळली की विरळ होतो, आणि बैलांनी पाऊल उचलले की हातालाही त्यांच्याबरोबर जावे लागते. एका वृद्ध आजींनी आधी ओलवून ठेवलेल्या पट्ट्यात हे करून दाखवले आणि मग जमलेल्या मुलींच्या हाती चाडे दिले. रब्बीत वरची माती सुकलेली असते, म्हणून बी खालच्या ओलीला लागले पाहिजे, ही गोष्ट त्यांनी तास (पेरलेली ओळ) उकरून, दाणा नेमका कोठे पडला ते दाखवून समजावली. शेतीशाळेच्या पुस्तकातही ती इतकी स्पष्ट होणार नाही.

दुसरे आकर्षण मोटेचे, म्हणजे विहिरीतून बैलांनी पाणी उपसायच्या सोंड असलेल्या मोठ्या पिशवीचे. देवणी बैलांची जोडी धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत्या वाटेवरून, उतरू लागली की जाड नाड्याने (दोराने) मोट वर येते आणि सोल नावाच्या बारीक दोराने तिची सोंड तोपर्यंत उभी धरलेली असते. मोट विहिरीच्या तोंडाशी पोचताच सोंड थारोळ्यात (पाणी पडायच्या कुंडीत) पसरते व मोट आपोआप रिकामी होते. दोन दोरांच्या लांबीचा हा मेळ ज्याने प्रथम बसवला असेल, त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो. 2016 साली ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात उपशाचे हे मोजके साधन पाहताना मन पाण्याच्या हिशेबाकडे वळल्याखेरीज राहत नाही.

लोखंडी अवजारांत किर्लोस्करांचा नांगर होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास असा नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे शेतकरी तो घ्यायला कचरत होते. ही माहिती एका निवृत्त शिक्षकांनी छान सांगितली. हँडल मारून सुरू होणारे जुने ऑईल इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर चालणारे कडबा कुट्टी यंत्रही सुस्थितीत होते. जुन्या ट्रॅक्टरांची रांग मात्र मला फारशी भावली नाही. ताजा रंग चढवून ते नुसते उभे होते, आणि त्यांचे काम काय बदलले हे कोणी सांगत नव्हते.

मुख्य उणीव पाट्यांची आहे. देणगीदारांची नावे ठळक अक्षरांत, पण अवजार कोणत्या लाकडाचे, कोणत्या रानासाठी, दोन फणांत अंतर किती, याचा उल्लेख नाही. तिफण घडवणारे सुतार आता गावोगाव उरलेले नाहीत. जे मेळ्याला आले होते, त्यांच्याकडून ही मापे आताच उतरवून घेतली पाहिजेत, आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, अशी आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. ध्वनिक्षेपकाचा आवाजही कमी हवा, कारण बैल बुजत होते. महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय अपुरी होती.

जेवणात भज्जी (शेंगदाणे-पालेभाज्यांसारखी एकत्र शिजवलेली भाजी), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) आणि आंबिल पत्रावळीवर वाढले जाते; भज्जीत ओली तूर व हरभरा भरपूर होता आणि चिंचेचा आंबटपणा बेताचा होता. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर पोचावे, कारण ऊन चढल्यावर बैल जुंपत नाहीत आणि दुपारनंतर मोट व तिफण दोन्ही बंद असतात.