ऑफर लेटरवर बीएस्सी इकॉनॉमिक्स, ॲडमिशन भलत्यालाच! नाशिककर पालकांनी नक्की वाचा

बारावीनंतर मुलाला किंवा मुलीला यूकेला इकॉनॉमिक्सच्या डिग्रीला पाठवायचं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. कन्सल्टंटचं नाव टाकत नाही, वकिलांनी सांगितलंय केस चालू आहे तोवर नाव नको. पण कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर या पट्ट्यात फिरलात तर असल्या ऑफिसांचे बोर्ड दिसतीलच, काचेचं दार, एसी, भिंतीवर पासपोर्ट हातात धरलेल्या पोरांचे फोटो. सगळे फसवे असतात असं नाही म्हणत. पण आमच्याबाबतीत जे झालं ते कसं झालं हे नीट कळलं तर बाकीचे वाचतील.

माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, पिंपळगाव बसवंतची. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी लागली आणि लासलगावला भाव कोसळले, तेव्हा यात चूक कुणाची यावरून बापाशी तासन् तास वाद घालणारी पोरगी, तिला इकॉनॉमिक्सच करायचं होतं आणि बाहेर जाऊनच करायचं होतं. अडचण एकच, अकरावीला कॉमर्समध्ये तिने मॅथ्सऐवजी एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेतलं होतं, मैत्रिणींनी घेतलं म्हणून. आता यूकेत एलएसई, केंब्रिज, वॉरिक असल्या ठिकाणी इकॉनॉमिक्सला मॅथ्स लागतंच, एलएसई आणि केंब्रिज तर वर टीएमयूए नावाची मॅथ्सची वेगळी परीक्षा घेतात. काही युनिव्हर्सिट्या बारावीच्या मॅथ्सशिवाय घेतात, पण त्यात स्टेट बोर्डाला अनेक ठिकाणी सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात. हे सगळं त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं. पण हा कन्सल्टंट पहिल्याच भेटीत म्हणाला, मॅथ्सचं टेन्शन घेऊ नका काका, आमचं डायरेक्ट टायअप आहे. खरा खेळ त्या वाक्यातच होता पण तेव्हा ऐकायला गोड वाटलं सगळ्यांना.

मग त्याने भाचीच्या नावाने नवीन ईमेल आयडी काढला, पासवर्ड त्याच्याकडे. कारण काय तर म्हणे मुलं मेल वेळेवर बघत नाहीत आणि सीट जाते. ॲप्लिकेशन फी म्हणून एका युनिव्हर्सिटीचे १५ हजार, असे पाच युनिव्हर्सिट्यांचे ७५ हजार घेतले. नंतर कळलं की यूकेत डिग्रीसाठी यूकास नावाच्या एकाच पोर्टलवर अर्ज करता येतो, एकाच अर्जात पाच पर्याय टाकता येतात आणि २०२५ च्या प्रवेशासाठी त्याची सगळी मिळून फी होती साडेअठ्ठावीस पाउंड, म्हणजे तीन-सव्वातीन हजार रुपये. लॉगिन विद्यार्थ्याचंच असतं. आम्ही मागितलं तेव्हा तो म्हणाला आमचं एजंट पोर्टल वेगळं असतं.

मार्च २०२५ मध्ये ऑफर लेटर आलं व्हॉट्सॲपवर, पीडीएफ. बीएस्सी ऑनर्स इकॉनॉमिक्स, अनकंडिशनल. बारावीचा निकाल लागला ५ मेला! म्हणजे मार्क कुणालाच माहीत नाहीत आणि अट काहीच नाही. खरी ऑफर निकालाआधी आली तर तिच्यात अट असते, बारावीला अमुक टक्के, इंग्लिशला अमुक. पण पिंपळगावात तोपर्यंत पेढे वाटून झाले होते.

पैशाची वेळ त्याने बरोब्बर साधली. मार्च-एप्रिलला निफाड, दिंडोरी भागात द्राक्षाचे पैसे हातात येतात हे या लोकांना पक्कं माहीत असतं. डिपॉझिट ४ हजार पाउंड, म्हणजे साधारण साडेचार लाख, आणि म्हणाला, ते आमच्या करंट अकाउंटला रुपयात टाका, तुम्ही बँकेतून परदेशी पाठवलं तर टीसीएस (बँक आधीच घेते तो टॅक्स) कापला जाईल, आमच्याकडून गेलं तर वाचेल. आता टीसीएसचं खरं काय ते ऐका. शिक्षणासाठी परदेशी पैसे पाठवताना १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस लागतच नाही (त्याआधी ही मर्यादा ७ लाख होती), त्याच्या पुढच्या रकमेवर लागला तरी तो रिटर्न भरून टॅक्समध्ये वळता होतो नाहीतर परत मिळतो, आणि बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर अजिबातच नाही. साडेचार लाखांवर वाचवायला टीसीएस होता कुठे? आमचे दाजी व्यापाऱ्याने ॲडव्हान्स दिल्याशिवाय बागेत कात्री लावू देत नाहीत, द्राक्षाचे व्यापारी पैसे बुडवून पळालेले आख्ख्या तालुक्याने बघितलेत, पण इथे समोर टाय घातलेला माणूस आणि पोरीच्या भवितव्याचा विषय, आरटीजीएस करून मोकळे झाले.

पावती मिळाली तिच्यावर लिहिलं होतं ‘कन्सल्टन्सी फी – नॉन रिफंडेबल’. युनिव्हर्सिटीचं नाव नाही, डिपॉझिट शब्द नाही. विचारलं तर म्हणे जीएसटीमुळे असं लिहावं लागतं.

जुलैत कॅसच्या आधीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. कॅस म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो नंबर, तो देण्याआधी पोरगी खरंच शिकायला येतेय का हे ते तपासतात. कन्सल्टंटने बजावलं, जे विचारतील त्याला यस मॅम म्हण, फॉर्मॅलिटी असते. ताईच्या घरी वरच्या खोलीत लॅपटॉप लावला, मी शेजारी पण कॅमेऱ्यात न येता बसलेलो. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, तू बिझनेसचं फाउंडेशन इयरच का निवडलंस? भाची म्हणाली मॅम, माझं इकॉनॉमिक्स आहे. बाईने परत कागद बघितले आणि म्हणाली, नाही, तुझा अर्ज इंटरनॅशनल फाउंडेशन इयर इन बिझनेसचा आहे, पुढे बीए बिझनेस मॅनेजमेंट, आणि फॉर्मवर तुझी सही आहे. सही होतीच, कोऱ्या फॉर्मवर घेतलेली. भाचीने तिला स्पष्ट सांगितलं की मला हे आत्ताच कळतंय. बाईने इंटरव्ह्यू तिथेच थांबवला आणि ॲडमिशन ऑफिसला स्वतःच्या मेलवरून लिहायला सांगितलं. बाई चांगली होती हो.

संध्याकाळी ती ऑफर लेटरची पीडीएफ मोठी करून बघितली तर कोर्सच्या नावाची ओळ बाकीच्यापेक्षा किंचित जाड, आणि खाली तारखा तशाच राहिलेल्या, सप्टेंबर २०२५ ते जून २०२६. इंग्लंडमधली डिग्री तीन वर्षांची असते! नाव बदललं आणि तारीख बदलायची विसरला गडी.

असं का करतात तर कमिशन. एजंटला पहिल्या वर्षाच्या फीवर टक्केवारी मिळते, आणि फाउंडेशनचे कोर्स अनेकदा युनिव्हर्सिटीशी करार केलेल्या खासगी कॉलेजात चालतात, तिथे ॲडमिशन सोपी. फाउंडेशन वाईट असतं असं नाही, ज्याला मॅथ्स नाही त्याला उलट तोच रस्ता असू शकतो, पण मग इकॉनॉमिक्सकडे जाणारं, मॅथ्स शिकवणारं फाउंडेशन बघावं लागतं, आणि एक वर्षाची फी वाढते हे तोंडावर सांगावं लागतं.

कॉलेजला स्वतःच्या मेलवरून विचारलं तेव्हा उत्तर आलं की डिपॉझिट २ हजार पाउंड जमा आहे. बाकीचे २ हजार कुठे गेले ते तुम्हीच समजा. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. कॉलेज रिफंड द्यायला तयार झालं, पण त्यांचा नियम असा की पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जाणार. म्हणजे कन्सल्टंटच्याच! दाजींनी बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून थेट कॉलेजला पाठवले असते तर ते २ हजार पाउंड आज त्यांच्या खात्यात असते.

एक गोष्ट मात्र टळली. हा माणूस व्हिसासाठी ‘फंड दाखवून देतो’ म्हणत होता. यूकेच्या व्हिसाला राहायच्या खर्चाचे पैसे सलग २८ दिवस स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात दाखवावे लागतात, लंडनबाहेर तेव्हा महिन्याला ११३६ पाउंडच्या हिशेबाने नऊ महिन्यांचे, शिवाय राहिलेली फी. तो दुसऱ्याचे पैसे फिरवून कागद करून देणार होता, दोन टक्क्यांत. खोटे कागद पकडले गेले तर व्हिसा नाकारतातच, वर १० वर्षांची बंदी येऊ शकते, आणि ती एजंटवर नाही, पोरीच्या पासपोर्टवर.

भांडल्यावर त्याने साडेचार लाखांचा चेक दिला, तो बाउन्स. चेक बाउन्सचं गणित वेळेवर आहे, बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. वकील शोधण्यात महिना घालवू नका. आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय, ग्राहक आयोगातही तक्रार केलीय, सेवेची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. तो तिथे म्हणतो ही माझी सल्ल्याची फी होती, पावती बघा. आमच्याकडे त्याचाच व्हॉट्सॲप मेसेज आहे, ‘युनिव्हर्सिटी डिपॉझिट जीबीपी ४००० टुडे लास्ट डेट’. त्याने चॅटला डिसअपिअरिंग लावलेलं, पण भाचीने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, हुशार आहे.

भाची सध्या नाशिकला कॉलेज करतेय आणि एनआयओएस म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा बोर्डातून बारावीचं मॅथ्स एकट्या विषयाचं देतेय. ते चालेल का हे तिने आधी युनिव्हर्सिट्यांना मेल करून विचारलं, एजंट न घालता, आणि उत्तरं आली पण. युनिव्हर्सिटीच्या साइटवर भारतातल्या अधिकृत प्रतिनिधींची यादी असते, यूके सरकारच्या साइटवर परवानाधारक कॉलेजांची असते, ती दोन्ही आता तिला पाठ आहेत.

आमच्यासारखेच अजून दोन पालक भेटलेत, एक ओझरचे, एक सिन्नरचे. तुमच्याकडे अशी ‘कन्सल्टन्सी फी’ची पावती असेल तर आज कॉलेजला थेट मेल टाकून दोनच गोष्टी विचारा, अर्ज कुठल्या कोर्सचा आहे आणि पैसे किती पोचलेत. उत्तराची प्रिंट, पावती आणि बँक स्टेटमेंट घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत या. अर्ज जितके जास्त तितकं प्रकरण लवकर हलेल असं तिथल्या साहेबांनीच सांगितलंय.