देशावरचा वाडा की गोव्यातले जुने घर? घेण्याआधी छप्पर, भिंती आणि सह्या

जुनी मोठी वास्तू घ्यायची ठरली की मराठी माणसापुढे बहुधा दोनच चित्रे उभी राहतात. एक पुणे, वाई, सातारा, नगर किंवा मराठवाड्यातला चौकांचा वाडा, दुसरे गोव्यात सासष्टी-बार्देशातले पोर्तुगीज वळणाचे घर. किंमत, जागेचा आकार, वय आणि डोळ्यांत भरणारी शोभा यांत दोन्ही पुष्कळदा जवळपास असतात. फरक देखभालीत आहे, आणि तो थोडाथोडका नाही. गोव्यातल्या घराचा खर्च हप्त्यासारखा दर पावसाळ्याआधी दारात येतो. वाड्याचा खर्च थकबाकीसारखा वर्षानुवर्षे मुकाट साचतो आणि एके दिवशी एकदम मागणी करतो. दोघांपैकी काय निवडायचे हे बरेचसे यावरच ठरवावे.

मोह कशाचा?

वाडा आत पाहणारा असतो. रस्त्याकडे दिंडी दरवाजा, जाड भिंत, दोन-चार लहान खिडक्या, आणि आत शिरले की चौक, ओसरी, सुरुदार खांब, महिरपी, वर दिवाणखाना. साठ ते नव्वद सेंटिमीटर जाडीच्या भिंतींमुळे एप्रिलच्या दुपारीही माजघर थंड राहते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा पाहून यावे. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले लाकूडकाम पाहिले की हा मोह उगाच नाही हे पटते.

गोव्याचे घर बाहेर पाहते. पुढे बाल्कांव म्हणजे छप्पर असलेला ओटा, दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, माणसाच्या उंचीच्या खिडक्यांची रांग, आत नाचगाण्याचा प्रशस्त साल म्हणजे दिवाणखाना. चांदोरचे मिनेझिस ब्रागांझा घर किंवा केपेचे पालासियो दो देयांव पाहावे. चांदोरच्या घराचे दोन भाग दोन शाखांकडे आहेत, आणि एवढा पसारा सांभाळणे म्हणजे काय ते तिथे डोळ्यांनी दिसते. उजेड, वारा, बाग हवी असेल तर वाडा तुम्हाला कोंदट वाटेल. रस्त्यापासून आडोसा आणि मोठ्या कुटुंबाचा वावर हवा असेल तर गोव्याचे घर उघडे वाटेल. इथवर आवडीचा प्रश्न आहे. पुढचा प्रश्न पाण्याचा.

छप्पर

पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पुण्यात ७००-७५० च्या आसपास. म्हणून गोव्यात उतरते मंगळुरी कौलांचे छप्पर, आणि देशावर, विशेषतः कमी पावसाच्या पट्ट्यात, सपाट माळवद, म्हणजे मातीचे छप्पर.

मंगळुरी कौलांचा मोठा गुण म्हणजे दोष लगेच दिसतो. एक कौल फुटले की खाली ओल येते, एक कौल बदलले की थांबते. चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात, म्हणजे ४०० चौरस मीटर छपराला सहा हजार. घर अडीचशे वर्षांचे म्हणून सांगितले तरी त्यावरची ही कौले १८६५ नंतरचीच, कारण मंगळुरात बासेल मिशनने पहिला कारखाना त्या वर्षी काढला. जुन्या साच्याची कौले नव्या साच्यात नीट बसत नाहीत. म्हणून खरेदीच्या वेळीच मागच्या पडवीत त्याच छापाची निदान ३०० कौले शिल्लक आहेत का ते पाहा, नसतील तर आसपास पाडल्या जाणाऱ्या घरांतून गोळा करा.

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये शाकारणी करावीच लागते. फुटकी कौले बदलणे, सरकलेली बसवणे, दोन उतार मिळतात त्या पन्हळीतला पाला काढणे, कोन्यावरच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या कौलांवरच्या, चुन्याच्या भेगा भरणे. गळती बहुतेक वेळा कोन्यातून आणि पन्हळीतूनच होते, सपाट भागातून कमी. छपरावर झुकलेला नारळ असेल तर त्याचा बंदोबस्त आधी करा. किनाऱ्याजवळ रिपांना, म्हणजे कौले टेकतात त्या लाकडी पट्ट्यांना, लोखंडी खिळे मारू नका. खारट हवेत ते गंजून फुगतात आणि रीप चिरते. तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच खिळे हवेत. लाकडी नक्षीदार छत असेल तर गळती त्याच्या वर साचून राहते आणि खाली डाग यायला वेळ लागतो, म्हणून छताच्या वर चढायला एक झाकण ठेवलेले असले पाहिजे. नसेल तर पहिल्या वर्षी करून घ्या.

माळवदाचे उलट. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा किलचन (लाकडाच्या बारीक पट्ट्या), आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माती उन्हाळ्यात ऊन अडवते, पाऊस हलका असेल तर पाणीही पुष्कळ अडवते. घात होतो तो डागडुजीच्या पद्धतीने. गळले की लोक वर नवी माती टाकतात, जुनी काढत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जातो. तीस सेंटिमीटर माती म्हणजे चौरस मीटरला अर्धा टन वजन, आणि भिजली की त्याहून जास्त. पाणी उताराने भिंतीकडे जाते आणि तुळईची भिंतीत गाडलेली टोके कुजतात. मधली तुळई कोरडी, ठणठणीत दिसते, म्हणून वाडा उत्तम आहे असे सगळे सांगतात. टोक आतून भुसा झालेले असते.

पाहणी करताना हे एक काम स्वतः करा. भिंतीला लागून तुळईत पातळ स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. सागाच्या चांगल्या लाकडात तो शिरत नाही. सहज सेंटिमीटरभर आत गेला तर त्या खणाचा खर्च खरेदीच्या किमतीतून वजा करून बोला. दुरुस्ती म्हणजे आधी खालून टेकू, मग वरची माती उतरवणे, कुजके टोक कापून नव्या सागाचा सांधा स्टेनलेस पट्ट्यांनी घट्ट करणे. पूर्ण तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. आणि जुन्या भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दगड-मातीच्या भिंतींवर ते ओझे नीट वाटले जात नाही, शिवाय लाकूड आणि काँक्रीट वेगवेगळ्या चालीने हलतात. पैसे जमेपर्यंत माळवदावर पत्र्याची शेड उभारणे रूप बिघडवते हे खरे, पण वाडा वाचवते, आणि काढताही येते.

भिंती आणि चुना

वाड्याची दगडी भिंत बहुधा दोन पदरांची असते, बाहेर घडीव दगड, मध्ये माती आणि कपच्या. आरपार जाणारे दगड कमी असले आणि पाणी मध्ये शिरले की पदर सुटतात, भिंत पोट काढते. वरच्या मजल्यावरून ओळंबा सोडा. जुन्या बांधकामात एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक चालतो, वाढत जाणारा फुगा चालत नाही. तड्यावर चुन्याची किंवा प्लास्टरची पातळ पट्टी तारीख घालून लावा. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे.

गोव्यात भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेत घट्ट होतो, पण गिलाव्याशिवाय मुसळधार पावसात त्याचे छिद्रांतले कण धुऊन जातात. म्हणून गिलावा तिथे शोभेसाठी नाही. बाहेरून चुन्याची सफेदी वरचेवर करत राहावे लागते, पातळ तीन हात, एक जाड हात नव्हे.

दोन्हीकडे सर्वांत मोठे नुकसान सिमेंटने होते. भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो, क्षार त्याच्यामागे साचतात, आणि विटेचा किंवा जांभ्याचा दर्शनी भाग भुगा होऊन गिलाव्यासकट पडतो. त्यावर पुन्हा सिमेंट लावतात. नुकतेच गुळगुळीत रंगवलेले घर दाखवले तर नखाने खरवडून पाहा. सिमेंट निघाले तर ते काढायची मजुरीही तुमच्याच माथी.

चुन्याचे काम करायचे तर चुनकळी खड्ड्यात निदान दोन-तीन आठवडे विझवून ठेवावी. एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी म्हणजे भुकटी, एक ते दोन भाग वाळू, चुन्याच्या घाण्यात मळून, गूळ आणि हिरड्याच्या पाण्यासह. थर आठ-दहा मिलिमीटरचा आणि पुढे आठवडाभर तरी ओला ठेवायचा. घाईचा कंत्राटदार इथेच चुकतो: तिसऱ्या दिवशी पाणी बंद, आठव्या दिवशी बारीक भेगा.

गोव्यातल्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले शिंपले वेगळा विषय. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे नवे विकत आणायचा विचार सोडा. जुन्या मोडक्या खिडक्यांतले जपून काढून वापरावे लागतात. किती तावदाने शाबूत आहेत ते मोजून घ्या.

वाळवी दोन्हीकडे आहे. जमीन आणि भिंत मिळते त्या रेषेत ३० सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून प्रत्येकी लिटरभर औषध सोडणे ही रूढ पद्धत. फरशी जुनी असेल तर छिद्रे सांध्यांतच पाडायला सांगा. वाड्यात आणखी एक गोष्ट पाहा: लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो तो लाकूड जमिनीच्या ओलीपासून उंच राहावे म्हणून. कोणी नवी फरशी घालून तळखडा गाडला असेल तर खांब बुडातून कुजत आहे असे समजून चाला. चौकातल्या पाण्याचा जुना निचरा बंद केला असेल तर तेच पायाबद्दल.

वायरिंग दोन्हीकडे संपूर्ण नवी, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचसह. लाकडी घरात यावर काटकसर नाही.

सह्या

वाड्याची मोठी अडचण भाऊबंद आणि भाडेकरू. प्रॉपर्टी कार्डावर सात नावे आणि प्रत्यक्षात वीस वारस हे नेहमीचे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क गृहीत धरूनच चाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू असलेला भाडेकरू आत असेल तर भाडे वर्षाला चार टक्क्यांनीच वाढवता येते आणि दुरुस्ती मालकाकडे. जवळ केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नवे बांधकाम नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे नवरा-बायको दोघांची सही लागते आणि वारस लिस्बनपासून मुंबईपर्यंत विखुरलेले असतात. इन्व्हेंटरी प्रक्रिया, म्हणजे वारसांत मालमत्तेची कायदेशीर वाटणी, पूर्ण झाली आहे का ते आधी विचारा. आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला हटवण्याच्या भरवशावर व्यवहार करू नये, ते न्याय्यही नाही.

मग कोणी काय घ्यावे?

घरात वर्षभर कोणी राहणार असेल, किंवा पावसाळ्याचे चार महिने विश्वासू माणूस नक्की असेल, तर गोवा. खर्च नियमित, अंदाज बांधता येणारा, आणि होमस्टे म्हणून पर्यटन खात्याकडे नोंदणी केली तर त्यातला काही भाग निघतो. पण बंद ठेवलेले गोव्याचे घर दोन पावसाळ्यांत बुरशी, वाळवी आणि पिंपळाच्या मुळांनी हाताबाहेर जाते. लांब राहून सुट्टीपुरते जाणाऱ्याने आम्ही तरी ते घेऊ नये म्हणू.

वाडा थोडे दुर्लक्ष सोसतो, मात्र फक्त एकदा नीट दुरुस्त झाल्यावर. खरेदीइतकीच रक्कम पहिल्या तीन वर्षांत दुरुस्तीला बाजूला ठेवता येत असेल तरच हात घालावा. ती नसेल तर लहान, एकाच चौकाचा वाडा शोधावा. दोन चौकांचा अर्धा वाडा, म्हणजे एका भावाचा हिस्सा, स्वस्त मिळतो, पण सामाईक भिंत आणि सामाईक माळवद दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. तो टाळावा.

दोन्ही ठिकाणी जागा मे महिन्यात पाहून ठरवू नका. इसार देण्याआधी जुलैत, सलग दोन दिवस पाऊस लागलेला असताना परत जा, बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि ओल दिसेल तिथे खडूने खूण करा. आर्किटेक्टचा अंदाज त्या खुणांवरून घ्या.