करडईच्या फुलाचा फोटो अन् वॉटरकलर: कशात करायचं?

वहिनीनं परभणीकडच्या शेतातल्या करडईचे फोटो काढले अन् विचारायली की याचं वॉटरकलर करून बैठकीत लावायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ. एका वाक्यात सांगता येईना, म्हणून तिचाच एक करडईचा अन् एक कापसाच्या फुलाचा फोटो घेऊन चार-पाच ठिकाणी चालवून बघितला.

दोन फुलं मुद्दाम घेतली. करडई म्हणजे सगळं टोकदार, काटे अन् केशरी-पिवळ्या बारीक पाकळ्या. कापसाचं फूल पहिल्या दिवशी दुधी-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मी पहिल्या दिवसाचं घेतलं कारण फिकट फुलातच खरी परीक्षा आहे. कागदावर वॉटरकलर करताना पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडतात, अन् फिल्टरला, म्हणजे फोटोचं आपोआप चित्र करून देणाऱ्या सोयीला, कोरं काय सोडायचं तेच कळत नाही, पाकळीवरची हलकी सावली ते मळकट करडी करून टाकतं.

फोटोशॉपमधलं जुनं वॉटरकलर फिल्टर, फिल्टर गॅलरीत आर्टिस्टिकखाली सापडतं. फक्त तीन स्लायडर, त्यात शॅडो शून्यावर ठेवला तरी चित्र काळवंडतं. करडईला ते एक वेळ शोभलं, कापसाचं फूल मात्र धुरकटलं. महिन्याचे पैसे भरायचे ते एवढ्यासाठी भरू नका, आधीच घरात असेल तर वापरा.

फोटोस्केचर फुकट आहे अन् विंडोजवर चालतं, वॉटरकलरचे प्रकारही त्यात एकापेक्षा जास्त आहेत. आधी फोटो साधा करून घ्यायची सोय आहे ती आवर्जून वापरा, बारीक तपशील गेल्याशिवाय ते चित्र वाटतच नाही. गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअरही फुकट, त्यात जी'मिक नावाचं प्लगिन (वरून जोडायची भर) टाकलं की शेकडो फिल्टर मिळतात, फ्रान्समधल्या एका संशोधन प्रयोगशाळेत 2008 पासून ते घडतंय, पण नवख्या माणसाला त्या यादीतच संध्याकाळ होते. आयफोन असेल तर वॉटरलॉग बघा, ते कडांना कागद मोकळा सोडतं, रंग पसरल्यासारखे दाखवतं, अन् झटपट करायच्यात माझ्या मते सगळ्यात ओलं तेच दिसतं.

आता जे कुणी सांगत नाही ते. बऱ्याच फिल्टरमध्ये ब्रशचा आकार पिक्सेलवर ठरलेला असतो, मग 4000 बाय 3000 च्या फोटोवर चालवलं की फटकारे इतके बारीक येतात की फोटो थोडा खराब झालाय एवढंच वाटतं. फोटो 1500 पिक्सेलवर आणला की तेच फटकारे मस्त मोठे दिसतात. पण ए-फोर छापायला 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात! म्हणजे स्क्रीनवर छान अन् छापताना फुटकं, ही ओढाताण फिल्टरच्या वाटेवर सुटतच नाही बगा.

म्हणून भिंतीवर लावायचं असेल तर माझं मत हातानं रंगवायच्या बाजूनं आहे, म्हणजे क्रिता किंवा रेबेल, ही कॉम्प्युटरवर स्वतः ब्रशनं चित्र काढायची सॉफ्टवेअर. क्रिता फुकट. पहिल्यापासून 2480 बाय 3508 चा कॅनव्हास घ्यायचा, फोटो खालच्या लेयरवर (थरावर) फिका करून ठेवायचा, वर नवीन लेयरवर वॉटरकलर ब्रशनं काढायचं अन् शेवटी फोटो लपवायचा. कापसाच्या पाकळीत कुठं कोरं सोडायचं ते तुम्हीच ठरवता, अन् करडईचे सगळे काटे काढायचे नसतात, दोन-चार धारदार ठेवले अन् बाकीचे ओल्या हिरव्यात विरघळवले की फूल पुढं येतं. रेबेल विकत घ्यावं लागतं पण त्यात पाणी खरंच वाहतं, ओल्यावर ओलं टाकलं की रंग पसरतो अन् वाळताना कडेला गडद होतो, क्रितातले ब्रश दिसायला तसे असले तरी वाहत नाहीत. दोन्हीकडं पेन टॅब्लेट पाहिजे, माऊसनं दाब देता येत नाही.

छापण्याचं एक राहिलं. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी शाईत उतरत नाही, पहिल्या प्रिंटमध्ये करडई विटकरी आली अन् मला लई वाईट वाटलं. आधी पोस्टकार्डएवढी एक प्रिंट काढून बघा, मगच मोठी.

वहिनीला क्रिता टाकून दिलंय, भाच्याचा जुना पेन टॅब्लेट जोडून. काल रात्री तिनं कापसाची पहिली पाकळी काढली, मधला भाग कोरा सोडून.